रात्रीची शाळा

दिवाळीच्या सुमारास आमच्या इस्लामपूरला दोन पाहुणे न चुकता येतात. एक थंडी आणि दुसरी ऊसतोडीची माणसे. २०२५ साली गावाचे नाव ईश्वरपूर झाले. पण जन्मभर जिभेवर बसलेले नाव एका वर्षात उठत नाही, म्हणून मी आपले इस्लामपूरच म्हणतो. घरोघर करंजीचे सारण परतले जात असते आणि बीडकडून आलेली वाहने साखराळ्याच्या कारखान्याकडे वळत असतात. गोधड्या, भांडी, कोंबड्या, पोरेबाळे यांची त्यांत एकच दाटी. चार दिवसांत मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात.

या धंद्यात नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन जिवंत माणसे आणि नाव मात्र हत्याराचे! मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. गाडी रात्री दोनला आली, तर भरणी रात्री दोनला.

अशाच एका कोयत्याचा मुलगा मला महाविद्यालयाच्या ग्रंथालयात भेटला. मी इतिहास शिकवीत असे. निवृत्तीनंतरही ग्रंथालयाची वाट काही सुटली नाही. तो ‘कमवा आणि शिका’ योजनेत रोज काही तास जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चढवी आणि तासावर मिळालेल्या पैशांत आपले भागवी.

ही योजना म्हणजे आमच्या मातीतलेच पीक. कर्मवीर भाऊराव पाटलांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक, आमच्याच वाळवे तालुक्यातले. त्यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह थाटले. तेथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत, अंगमेहनत करीत आणि शिकत. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रही ठेवले नाही. पुढे १९४७ साली साताऱ्याचे छत्रपती शिवाजी कॉलेज याच तत्त्वावर निघाले. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले आणि तेथेही ‘कमवा आणि शिका’ रुजली.

एके दिवशी त्या मुलाच्या हाती वेस्ट इंडीजच्या इतिहासाचे एक फाटके पुस्तक आले. पाने चाळून तो म्हणाला, “सर, मला वाटले क्रिकेट असेल. ह्यात तर ऊसच आहे!”

ऊसच होता. ब्रिटिशांनी गुलामगिरी बंद केली, तेव्हा तिकडच्या ऊसमळ्यांना माणसे हवी झाली. १८३८ साली हिंदी मजुरांची पहिली जहाजे ब्रिटिश गियानाला, म्हणजे आजच्या गयानाला, लागली. १९१७ पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार माणसे तेथे गेली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडची, करारावर अंगठा उठवून गेलेली. त्यांना गिरमिटिये म्हणत.

मी त्याला छेदी जगन यांची गोष्ट सांगितली. जन्म १९१८ चा, पोर्ट मोरंटच्या ऊसमळ्यावर. आई उसात राबलेली. वडील मजुराचे मुकादम झालेले. मुलगा अमेरिकेत पडेल ते काम करीत शिकला आणि १९४३ साली दंतवैद्य होऊन परतला. त्यानंतर पाच वर्षांनी एन्मोरच्या मळ्यावर संप झाला. तोडलेला ऊस भरायचाही आम्हीच, हे मजुरांना मान्य नव्हते. १६ जून १९४८ रोजी पोलिसांच्या गोळ्यांनी पाच मजूर पडले.

मुलगा पुठ्ठा खाली ठेवून ऐकत होता. “भरणीला नाही म्हणाले?” तो हळूच बोलला, “माझी आई तर गाडीचा आवाज आला की झोपेतून उठते.”

काय बोलावे, मला सुचेना. मी गोष्ट पुढे नेली. जगन सत्तेवर आले आणि १९६३ साली, म्हणजे आमच्या शिवाजी विद्यापीठानंतर वर्षभराने, त्यांच्या सरकारने गयाना विद्यापीठ काढले. स्वतःची इमारत नव्हती. एका शाळेच्या उसन्या वर्गांत, संध्याकाळी, नोकरी-चाकरी करणाऱ्यांसाठी तास भरत. विरोधक हिणवीत : ही तर जगनची रात्रशाळा!

मुलगा मनापासून हसला. “त्यात हिणवण्यासारखे काय, सर? भरणी रात्री होते, तर शाळा का नको?”

मग त्याने आपले गुपित सांगितले. धाकटी बहीण आठवीत होती. आई-बापांबरोबर ती फडावर आली, की शाळा सुटणार आणि कोपीत तान्ह्या भावाला सांभाळणे तिच्या वाट्याला येणार. म्हणून योजनेचे पैसे साठवून तो गावी आजीकडे पाठवीत होता, बहिणीच्या खर्चासाठी. महाविद्यालयाच्या वहीत त्याच्या नावापुढे कामाचे तास मांडले जात. शिक्षण मात्र दोघांचे चालले होते.

यंदाच्या हंगामातही त्याचे आई-बाप आले आहेत. बहीण आलेली नाही. ती आता दहावीला आहे. भाऊबीजेला भाऊ तिच्याकडे जाणार आहे. ओवाळणीला काय नेणार, असे मी विचारले, तेव्हा त्याने पिशवीतून गणिताचे मार्गदर्शक काढून दाखवले. त्याला पुठ्ठा त्यानेच चढवला होता, चांगला घट्ट, वर्षभर टिकेल असा.