साठ दिवस म्हणजे दोन महिने नव्हेत

आपण कुणाला "आठ दिवसांनी या" म्हणतो. आज सोमवार असेल तर पाहुणा पुढच्या सोमवारी दारात हजर! मोजून पाहा, सातच दिवस होतात. आपण आजचाही दिवस धरतो म्हणून आठ. "पंधरा दिवसांनी" म्हणतो तेव्हा चौदा. बारसं बाराव्या दिवशी, त्यात जन्मदिवस पहिला. रेल्वेचा हिशेब निराळा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आली, पण ती प्रवासाचा दिवस वगळून.

हे एवढं खोलात जायचं कारण अमेरिकेतलं आहे. एप्रिल २०२५ मध्ये मुलगा-सून आम्हा दोघांना आणि सहा वर्षांच्या नातीला फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला नेणार होते. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, तिथे जेवणाचं टेबल साठ दिवस आधी राखावं लागतं." मला हसू आलं. लग्नाच्या हॉलचं ठीक आहे, पण जेवणाच्या टेबलाचं? २०२० पूर्वी म्हणे ही मुदत १८० दिवस होती. म्हणजे गणपतीत बसून होळीच्या सुमारास काय खायचं ते ठरवायचं!

हसू लवकरच ओसरलं. ह्यांना इन्सुलिन घ्यावं लागतं. टोचलं की ठरल्या वेळी पोटात अन्न जायलाच हवं. तिथे रांगेत तासभर उभं राहून "जागा नाही" ऐकणं आम्हाला परवडणारं नव्हतं. नातीचं एकच मागणं होतं, सिंड्रेलाच्या किल्ल्यात बसून जेवायचं. पुढच्या वर्षी ती हे मागेल का, कोण जाणे.

तेव्हा कालनिर्णय उतरवलं आणि पेन्सिल घेऊन बसले. आमचा मुक्काम ४ एप्रिलपासून. मुलाने दोन महिने मागे जाऊन ४ फेब्रुवारी धरली होती. मी एकेक चौकोन मोजला. एप्रिलचे ४, मार्चचे ३१, झाले ३५. उरले २५. फेब्रुवारी २८ दिवसांचा, त्यातून २५ गेले की ३ तारीख. अठ्ठावीस दिवसांच्या फेब्रुवारीने एक दिवस मागे ओढला होता. तो एक दिवस चुकला असता, तर आमच्या आधी किती घरं येऊन बसली असती! याउलट २४ डिसेंबरला जाणाऱ्याचे साठ दिवस २५ ऑक्टोबरला होतात. दोन महिने धरून तो २४ ला उठला, तर फुकटची झोपमोड एवढंच.

नियमात आणखी एक खुबी आहे. बाहेर उतरणाऱ्याला त्या त्या जेवणाच्या साठ दिवस आधीच बुकिंग करता येतं. डिस्नेच्याच हॉटेलात उतरणाऱ्याला मात्र मुक्काम सुरू होण्याच्या साठ दिवस आधी, एकाच सकाळी, पुढच्या दहा दिवसांपर्यंतची टेबलं राखता येतात. आम्ही त्यांच्याच हॉटेलात उतरणार होतो. म्हणजे ३ फेब्रुवारीला आम्हाला ७ एप्रिलचं टेबल मिळणार होतं आणि बाहेरच्यांना ते ६ फेब्रुवारीपर्यंत दिसणारही नव्हतं. म्हणून मी मुलाला सांगितलं, जे मिळायला सर्वांत अवघड ते शेवटाकडे ढकल. किल्ला ७ तारखेला. पहिल्या दिवशी जे मिळेल ते खाऊ. शाळेत पंचवीस वर्षं वेळापत्रक केलं आहे, अवघड तास कुठे टाकायचे ते कळतं!

बुकिंग तिथल्या सकाळी सहाला उघडतं, म्हणजे थंडीत आपल्या साडेचारला. तो न्यू जर्सीत डोळे चोळत संगणकापुढे, मी पुण्यात चहाचा कप बाजूला ठेवून यादी वाचतेय, अशी आमची जोडी. आधी किल्ला. तिथे सगळे पैसे बुकिंगच्या वेळीच भरावे लागतात, म्हणून कार्ड हाताशी होतं. वेळा दोनच दिसल्या, दुपारी चार किंवा रात्री पावणेनऊ. ह्यांचं रात्रीचं जेवण साडेसातचं. मुलगा गप्प झाला. तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज, "चारचं घे. पोरगी पावणेनऊला ताटावरच झोपेल. माझं मी डॉक्टरांना विचारून घेतो." घेतलं.

मग ५ तारखेचं सना. हे अ‍ॅनिमल किंगडम लॉजच्या आवारात आहे, जेवण आफ्रिकी पण त्यात आपल्या मसाल्यांची सरमिसळ. नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात, आणि काचेबाहेर जिराफ चरत असतात. दुपारी बाराचं मिळालं, अगदी ह्यांच्या वेळेवर. ४ आणि ६ ची साधीसुधी टेबलंही पाच-दहा मिनिटांत झाली.

८ तारखेचं मी घेऊच दिलं नाही. कालनिर्णयात त्या चौकोनात कामदा एकादशी होती. माझं फळांवर भागतं. ह्यांच्यासाठी सून आदल्या रात्रीच सँडविच घेऊन ठेवणार होती, खोलीत फ्रीज आहे का ते मात्र मी तिला दोनदा विचारलं.