सिरियल जोडणीचा दोष आणि जुनी उपकरणे

आरएस-२३२ ही सिरियल जोडणीची पद्धत १९६० साली अमेरिकेत प्रमाणित झाली. तिची सर्वाधिक रुजलेली ‘सी’ आवृत्ती १९६९ची. जुनी सीएनसी यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटे आजही तिच्यावर चालतात. जोडणी बंद पडली की संगणकाचा पडदा कोरा राहतो, एवढेच तिथे कळते. कारण तारेत असते आणि तारेतला व्होल्टेज दाखवण्यात जुन्या मापन उपकरणांचा हात धरणारे फारसे काही नाही.

सुरुवात मल्टिमीटरने करावी. केबल काढून ग्राउंडच्या तुलनेत पिन २ आणि ३ मोजाव्यात. ग्राउंड २५ पिनी सॉकेटमध्ये सातव्या पिनवर असतो, ९ पिनीत पाचव्या. डेटा जात नसताना पाठवणारी पिन बहुधा उणे ५ ते उणे १२ व्होल्टवर स्थिर असते, ऐकणारी शून्याजवळ. दोन्ही यंत्रे एकाच पिनवर पाठवत असतील, तर सरळ केबल कधीच चालणार नाही. उलटसुलट जोडलेली केबल लागेल. कितीतरी तक्रारी इथेच मिटतात.

त्यानंतर ब्रेकआउट बॉक्स. केबलच्या मध्ये बसणाऱ्या या डबीत प्रत्येक तारेला स्विच असतो, मुख्य तारांना दिवेही. यंत्र परवानगीच्या सिग्नलसाठी अडून बसले असेल, तर २५ पिनी जोडणीत पिन ४ आणि ५ जंपरने जोडताच डेटा वाहू लागतो.

खरी मजा जुन्या ॲनालॉग ऑसिलोस्कोपची. साधा मजकूर पडद्यावर नुसता थरथरतो, म्हणून इंग्रजी मोठे ‘यू’ अक्षर सलग पाठवावे. आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट अशी मांडणी असेल, तर या अक्षरात शून्य आणि एक आलटून पालटून येतात आणि सुबक चौकोनी लहर उभी राहते. ९६०० बॉडला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे ०.१ मिलिसेकंदाच्या मापावर जवळपास एक घर. निम्मेच घर भरले, तर वेग १९२०० आहे. लहरीचे कोपरे गोलावले असतील, तर केबलच्या लांबीवर संशय घ्यावा. ‘सी’ आवृत्तीने सुचवलेली मर्यादा ५० फुटांची होती.

ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप थेट अर्थिंगला जोडलेली असते. ती सिग्नलच्या तारेला लावू नये, आणि अर्थिंग तोडून तर कधीच काम करू नये. स्वस्त लॉजिक ॲनालायझर बहुधा ५ व्होल्टपुरतेच बनलेले असतात. १२ व्होल्टच्या तारेवर ते थेट लावले तर जळू शकतात. लांब संदेशातली एखादीच चूक शोधायची असेल, तर मात्र मधे लेव्हल बदलणारी चिप घालून तेच वापरावेत.