प्लगचा गॅप

‘प्लग बदला, गाडी पळेल’ हा सल्ला पेट्रोल पंपापासून पानपट्टीपर्यंत कुठेही फुकट मिळतो. प्लग कोणता घ्यायचा आणि त्याचा गॅप किती ठेवायचा, हे सांगणारे थोडे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातले आमचे मिस्त्री त्या थोड्यांपैकी.

आमची कार्ब्युरेटरवाली मारुती 800 आंबा घाटाच्या चढावर मिसिंग मारायला लागली, तेव्हा तिला त्यांच्याकडे नेलं. त्यांनी लगेच पाना लावला नाही. आधी हवेच्या नळीने प्लगांच्या बुडाशी साचलेली धूळ उडवली. नाहीतर प्लग काढताच ती थेट सिलिंडरमध्ये पडते. मग तिन्ही प्लग काढून फडक्यावर सिलिंडरच्या क्रमाने मांडले. दोघांची टोकं फिकट तपकिरी, म्हणजे तब्येत ठणठणीत. तिसऱ्यावर मात्र सुकी, मखमली काजळी.

“ओली असती तर ऑइल वर येतंय म्हटलं असतं,” मिस्त्री म्हणाले. “पेट्रोल तिन्हीकडं एकाच कार्ब्युरेटरमधनं जातंय. मग एकटाच काळा का? ठिणगी कमी पडतीया, साहेब.”

त्यांनी तारेचा गेज लावला. कॉन्टॅक्ट पॉइंटच्या जुन्या गाड्यांना गॅप साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर लागतो. इथे 1 मिलिमीटरची तार आरामात आरपार गेली. ठिणगीच्या माऱ्याने इलेक्ट्रोड झिजतो, त्याच्या कडा गोल होतात आणि गॅप वाढतो. तो ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. सपाटीवर कॉइल कसंबसं निभावून नेते, चढावर सिलिंडरमधला दाब वाढला की हात टेकते. 3000 आरपीएमला प्रत्येक प्लग सेकंदाला 25 वेळा पेटतो, तेव्हा झीज होणारच. पानाच्या चपट्या गेजवर मिस्त्रींचा विश्वास नाही. जुन्या इलेक्ट्रोडला पडलेला खड्डा त्यात सापडत नाही आणि माप कमी दिसतं.

नवीन प्लग निवडताना त्यावरचा नंबर वाचायचा. एनजीकेचा बीपीआर6ईएस-11 घ्या: यातला 6 म्हणजे हीट रेंज आणि शेवटचा 11 म्हणजे 1.1 मिलिमीटर गॅप. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलट, आकडा वाढला की गरम. आकड्याला आकडा जुळवून कंपनी बदलणाऱ्यांची इथेच फसगत होते. प्लग जरुरीपेक्षा थंड असेल तर काजळी जळत नाही, फार गरम असेल तर ठिणगीआधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनवर येतं.

पेटीतून काढलेला नवा प्लगही मिस्त्री मोजतातच. वाकवायचा तो फक्त बाहेरचा इलेक्ट्रोड, मधल्याला टेकू द्यायचा नाही. हातातून फरशीवर पडलेला प्लग त्यांनी सरळ कचऱ्यात टाकला. चिनीमातीला गेलेला तडा डोळ्यांना दिसत नाही, म्हणाले. सीएनजीवर धावणाऱ्या गाडीचा गॅप ते थोडा कमी ठेवतात, कारण तो वायू पेटवायला व्होल्टेज जास्त लागतं.

इरिडियमबद्दल मी विचारलं. त्याचं टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, तिथे गेज रेटला तर ते मोडतं. टिकतात जास्त, हे खरं. पण या गाडीत त्याचे पैसे वसूल होत नाहीत असं त्यांचं मत पडलं, आणि मलाही ते पटलं. साधे निकेलचेच बसवले. आधी हातानेच आटे घेतले, वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा फेरा, बस्स. हेड ॲल्युमिनियमचं, जोर लावला की आटे गेले. त्या प्लगांवर गाडी आता घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढते.

प्लग आणायला दुकानात जाताना नमुना म्हणून जुना प्लग नेऊ नका, गाडीचं पुस्तक न्या. जुना प्लगही आधी कुणीतरी चुकीचाच बसवलेला असू शकतो.