मात्रेच्या मागेपुढे

कवितेच्या अभ्यासात ज्याचे आयुष्य गेले त्याला मात्रा मोजण्याची सवय जडते. ओळ वाचताना बोटे आपोआप हलू लागतात. परंतु मोजलेली मात्रा आणि गाइलेली मात्रा या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे पुस्तकांतून जितके कळते त्याहून अधिक मला घरच्या ध्वनिमुद्रणातून कळले. पूर्वी ध्वनिमुद्रण म्हणजे मुंबईचा स्टुडिओ किंवा आकाशवाणीचे केंद्र. आता एक संगणक, एक माइक आणि एक निवांत खोली एवढ्यावर भागते. गाणारा घरात असतो, तंबोरा भ्रमणध्वनीत असतो. नसतो तो तबलजी. म्हणून घरगुती ध्वनिमुद्रणात यंत्राच्या स्वाधीन होणारी पहिली गोष्ट म्हणजे ठेका.

रायपूरच्या समता कॉलोनीत आमच्या घरी हा प्रश्न आला तो आक्काच्या गाण्यांमुळे. आक्का माझी थोरली बहीण; वय अठ्ठ्याहत्तर. आमची आई भंडाऱ्याहून लग्न होऊन या गावात आली. त्या काळी रायपूर आणि भंडारा एकाच प्रांतात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. १९५६ च्या नोव्हेंबरात सीमा बदलल्या, सोयरिकी राहिल्या. आईने माहेरून आणलेल्या ओव्या, भुलाबाईची गाणी आणि काही भजने आज आमच्या घरात फक्त आक्काला येतात. त्यांतले काही शब्द छत्तीसगढीच्या सहवासात असे वळले आहेत, की शब्दकोशात ते सापडणार नाहीत. घरातील पुढची पिढी मराठी बोलते, पण गाते ती हिंदीत. ही गाणी उरली तर आक्काच्या कंठातूनच उरणार. तिच्या नातवाने ती मुद्रित करण्याचे मनावर घेतले, आणि आजच्या मुलांना ऐकवायची तर खाली ठेका हवा, असे त्याचे म्हणणे पडले.

त्याने संगणकातील ढोलकीचा तयार तुकडा घेतला, तो पुनःपुन्हा वाजत राहील असा लावला आणि आक्काच्या कानांवर हेडफोन चढवले. दोन ओळी ती गायली. तिसरीच्या आरंभी तिने श्वास घेतला आणि तेवढ्यात सम निघून गेली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. अखेर हेडफोन काढून ती म्हणाली, "बाळा, हा तुझा वाजवणारा माझ्यासाठी थांबतच नाही रे." नातू माझ्याकडे वळून म्हणाला, "आजोबा, आजीची लय सुटते आहे." मी ऐकत होतो त्यात लय कोठेही सुटत नव्हती, बाहेरून लादलेला ताल तिला जुळत नव्हता, इतकेच.

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचने’त अक्षरछंदाचे जे विवेचन केले आहे त्याचे येथे स्मरण होते. छंदात लघुगुरूंचा भेद मोजला जात नाही; अक्षरांची संख्या पाहिली जाते, आणि उरलेली भर उच्चार घालतो. म्हणजे या रचनेचे अर्धे माप कागदावर असते व अर्धे गळ्यात. ज्ञानेश्वरीतील ओवीच्या चरणांत तर अक्षरसंख्येचेही बंधन सैल असते, आणि जात्यावरच्या ओवीत शेवटचे अक्षर किती लांबवावे हे गाणारीचा श्वास ठरवतो. अशा गाण्याला आधी आखलेल्या समान चौकटीत बसवणे म्हणजे ओवीला शार्दूलविक्रीडितात कोंबणे होय.

यात यंत्राला दोष देणे मात्र सोपे आणि अन्यायाचे आहे. १९८० साली अमेरिकेत रॉजर लिन यांचे एलएम-१ हे यंत्र आले. खऱ्या ड्रमचे मुद्रित आघात त्यात वापरले होते. वाजवलेला आघात नेमक्या जागी खेचून बसवण्याची सोय त्यात होती, तशीच एकाआड एक आघात किंचित उशिरा टाकून त्यांना झोल देण्याचीही. समान अंतर म्हणजेच ठेका नव्हे, हे यंत्र घडवणाऱ्यालाही ठाऊक होते. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात दत्ताराम वाडकरांचा ढोलकवरचा ठेका त्यांच्याच नावाने ओळखला गेला. त्याचे बोल कोणालाही लिहून घेता येतील. नाव मिळाले ते दोन बोलांमधल्या वजनाला.

आम्ही क्रम उलटा केला. त्यासाठी जानेवारीतल्या सकाळी निवडल्या. कारण रायपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद ठेवून गाणे अशक्य आणि चालू ठेवून मुद्रण अशक्य. खिडक्यांवर रजया टांगल्या, फरशीवर सतरंजी अंथरली, म्हणजे भिंतींवरून परतणारा नाद कमी झाला. आक्का आधी एकटीच गायली, कानांत काहीही न ऐकता. मग नातवाने तिचे गाणे ऐकत प्रत्येक मात्रेची खूण संगणकात नोंदवली. भजनाची गती आरंभी मिनिटाला सहासष्ट मात्रांच्या आसपास होती; शेवटच्या कडव्यात ती बहात्तरच्या वर गेली. ही वाढ दुरुस्त करावयाची नाही, असे ठरले. आता आखणीच गाण्याबरोबर वाकत होती.

त्यावर ठेका घालण्यासाठी ओळखीच्या एका घरची ढोलकी आणली आणि तिचे शाईचे तोंड आक्काच्या षड्जाशी मिळवून घेतले. आपल्या वाद्यांत हे टाळून चालत नाही. मृदंग-तबल्यावरच्या शाईमुळे त्यांच्या उपस्वरांचे मूळ स्वराशी सुसंवादी नाते जुळते, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२० साली दाखवून दिले. म्हणूनच अशा वाद्याचा बेसूरपणा गाण्याला टोचतो. दोन्ही तोंडांशी एकेक माइक ठेवला तेव्हा घुमारा पोकळ येऊ लागला, कारण दोन्हीकडचे ध्वनितरंग एकमेकांना खोडत होते. एका माइकची ध्रुवता संगणकात उलटवताच तो भरला. प्रत्येक बोल मुलाने हलका, मध्यम, जोरकस असा अनेक वेळा मुद्रित केला. संगणकात आघाताच्या जोराला १ ते १२७ अशा पायऱ्या असतात. एकच आघात एकाच पायरीवर शंभरदा चिकटवला तर कान तत्काळ ओळखतो. निरनिराळे आघात ओळीच्या अर्थाप्रमाणे पेरले तर तो विश्वास ठेवतो. जेथे आक्का श्वास घेते तेथे त्याने डावा मोकळा ठेवला.

भजने आणि भुलाबाईची गाणी अशी सिद्ध झाली. ओव्यांना मात्र ढोलकी मानवेना. तेव्हा माळ्यावरचे जाते उतरवले. जाते रिकामे फिरवले तर दगडावर दगड खरखरतो, म्हणून मूठभर गहू वैरावे लागले. दाणे पडताच आवाज खाली येतो, फेरा जड होतो, ओवी मंदावते. पीठ सरून दगड हलका झाला की ती पुन्हा सरसावते. या गाण्याचा ठेका धान्याच्या मुठीत होता. आक्काच्या खांद्याला आता फेरा पेलत नाही. खुंटा नातवाने धरला, आणि पहिल्या दहा मिनिटांत त्याला घाम फुटला. "घाई नको. मी ओढीन तसा फिरव," आक्का म्हणाली.

बेर्नार बेल या फ्रेंच संशोधकाचे उदाहरण मला या संदर्भात महत्त्वाचे वाटते. जेम्स किपन यांच्यासह त्यांनी १९८० च्या दशकात लखनौच्या तबल्याचे कायदे अभ्यासून बोलांची रचना करणारी संगणकप्रणाली घडवली. तेच बेल पुढे १९९० च्या दशकात गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांच्या उपक्रमात महाराष्ट्रातील खेड्यांमधून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करीत होते. त्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. तालाचे गणित जाणणाऱ्या माणसाला ओवीपुढे नुसते ऐकत बसावेसे वाटले, यात मला विसंगती दिसत नाही.

आमच्याकडे एकंदर एकतीस गाणी झाली. प्रत्येकाच्या दोन प्रती ठेवल्या आहेत: एक ठेक्यासह आणि एक आक्काच्या नुसत्या आवाजाची, तिच्या श्वासांसकट. ओव्यांच्या दुसऱ्या प्रतीसाठी ती जात्याशिवाय पुन्हा गायली. आमचा ठेका उद्याच्या कानाला जुना वाटला, तर कोणीही तो काढून टाकावा आणि आपला घालावा. आवाज त्याच्याखाली शाबूत आहे.