आमचा आदिलाबाद जिल्हा



लंडन शहर कोणत्या नदीकाठी वसले आहे, असे विचारले तर आपली शाळकरी मुले चटकन उत्तर देतात. परंतु आपल्या शेतापलीकडून वाहणारी पैनगंगा कोठून येते व कोठे जाते, असा प्रश्न केला की ती एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. परमेश्वराने ज्या भूमीत आपणांस वाढविले, ती ओळखणे हेही कृतज्ञतेचेच एक अंग आहे. म्हणून आज आपल्या जिल्ह्याविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे.

पैनगंगा बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावते. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर अंगाने वाहताना ती आपली व यवतमाळ जिल्ह्याची सीमा होते, आणि पुढे वर्धा नदीस मिळते. तिच्या काठची जमीन काळी, कापसाची. तांसी, जैनथ, बेला या बाजूच्या गावांचा संसार याच पांढऱ्या सोन्यावर चालतो. जैनथ येथे लक्ष्मीनारायणाचे प्राचीन देऊळ असून तेथील शिलालेख या भागाच्या जुन्या वैभवाची साक्ष देतो. दक्षिणेकडे मात्र भूमी चढत जाते आणि सह्याद्रीची शाखा मानली गेलेली डोंगररांग सागवनासह उभी राहते. तेथे कुंटाला येथे कडेम नदी सुमारे दीडशे फूट उंचीवरून खाली कोसळते व पुढे गोदावरीस मिळते. या डोंगरांवर पडलेल्या पावसाचा काही भाग उत्तरेस पैनगंगेकडे धावतो, काही दक्षिणेस गोदावरीकडे. परंतु पैनगंगेचे पाणीही वर्धा व प्राणहिता या वाटेने कालेश्वरापाशी गोदावरीतच येऊन मिळते.

पाण्याच्या वाटा हजारो वर्षे त्याच राहिल्या. माणसांनी आखलेल्या सीमा मात्र वरचेवर बदलल्या. निजामाच्या राज्यात १९०५ साली हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्या वेळी राजुरा आणि किनवट हे तालुकेही आपल्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली, तेव्हा ते दोन्ही मुंबई राज्यात गेले आणि आपला जिल्हा आंध्र प्रदेशात आला. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य जन्मास आले. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. आमच्या गावातील एक आजोबा सांगतात, "फादर, मी घर कधी बदलले नाही, पण निजामाच्या राज्यात जन्मलो, मग हैदराबाद राज्य पाहिले, मग आंध्र आणि आता तेलंगण. किनवटास दिलेली माझी थोरली बहीण तर एका रात्रीत परराज्यातील झाली!" आजोबा हे हसत हसत सांगतात खरे, परंतु बहिणीचे नाव घेताना त्यांचा आवाज खाली येतो.

या भूमीचे मूळ रहिवासी गोंड, कोलाम, परधान आणि अन्य आदिवासी बांधव होत. त्यांचा इतिहास रक्ताने लिहिला गेला आहे. परकी सत्तेशी झुंजणाऱ्या रामजी गोंडास १८६० साली निर्मल येथे साथीदारांसह वडाच्या झाडावर फाशी देण्यात आले. जल, जंगल आणि जमीन यांसाठी निजामाच्या सत्तेविरुद्ध उभा राहिलेला कोमराम भीम १९४० साली जोडेघाट येथे धारातीर्थी पडला. इंद्रवेल्लीचा स्मृतिस्तंभ आपण येताजाता पाहतो. २० एप्रिल १९८१ रोजी तेथे पोलिसांच्या गोळीबारात प्राणास मुकलेल्या आदिवासींची ती आठवण आहे. आपल्या मुलांनी त्या स्तंभासमोरून जाताना क्षणभर थांबावे.

भीमाच्या मृत्यूनंतर व्हिएन्नात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ या भागात आले आणि मारलवाई या गोंड खेड्यात राहिले. तेथे १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण शाळा सुरू झाली. गोंडी मुलांसाठी जी पहिली पुस्तके सिद्ध झाली, ती देवनागरी लिपीत होती. त्यांच्या पत्नी १९८७ साली निवर्तल्या. त्यांना मारलवाईच्याच मातीत विसावा देण्यात आला. परक्या देशातील दांपत्याने आपल्या शेजाऱ्यांवर एवढे प्रेम करावे, आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या जवळ राहूनही त्यांच्या भाषेतील दहा शब्द जाणू नयेत, हे आपणांस शोभते काय?

दरवर्षी पौष अमावास्येस केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते. मेश्राम कुळातील पुरुष कित्येक दिवस पायी चालून गोदावरीचे पाणी आणतात, आणि कुळात नव्याने आलेल्या सुनांची देवतेशी भेट करविली जाते. आपली श्रद्धा निराळी आहे, हे खरे. परंतु तहानलेल्या वाटसरूस पेलाभर पाणी देणाऱ्याचे प्रतिफळ व्यर्थ जाणार नाही, हे वचन आपल्या प्रभूचेच नव्हे काय?

आता जो प्रश्न माझ्या मनास फार लागला आहे, तो मांडतो. केरामेरी आणि जिवती यांच्यामधील सीमाभागात अशी काही गावे आहेत की, ज्यांवर दोन्ही राज्ये हक्क सांगत आली. तेथील लोकांकडे दोन-दोन शिधापत्रिका, आणि गावात दोन्ही राज्यांच्या शाळा. आपली स्थिती तितकी विचित्र नसली, तरी तोच प्रश्न आपल्या घरातही आहे. मागे एका माउलीने मला विचारले, "फादर, मुलाला तेलुगू शाळेत घातले तर तो आमची प्रार्थना विसरेल, सीमेपलीकडे मराठी शाळेत धाडला तर इथल्या कचेरीत त्याचे कोण ऐकेल? करू तरी काय?" तिचे डोळे पाणावले होते. असल्या प्रश्नास पोथीतले तयार उत्तर नसते.

मी तिला एका इंग्रज धर्मगुरूची गोष्ट सांगितली. इंग्लंडात विल्टशायर नावाचा परगणा आहे. स्टोनहेंजच्या प्राचीन शिलावर्तुळासाठी तो जगप्रसिद्ध आहे. त्याच परगण्यात १५४९ च्या सुमारास थॉमस स्टीफन्स यांचा जन्म झाला. येशूसंघीय म्हणून ते १५७९ साली गोव्यास आले, साष्टीच्या खेड्यांत राहिले, तेथील लोकांची भाषा शिकले आणि मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. दुसऱ्याची भाषा शिकल्याने ते आपली भाषा विसरले नाहीत. उलट आपल्या मराठीस एक ग्रंथ लाभला. तसेच १९६२ साली चांदा मिशन केरळातील सी. एम. आय. संस्थेच्या धर्मगुरूंकडे आले, तेव्हा मल्याळी मातृभाषा असलेल्या त्या पुरुषांनी येथील लोकांच्या भाषा शिकून घेतल्या. १९९९ साली आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत होईपर्यंत आपण चांदा धर्मप्रांतातच होतो. शासनाच्या दप्तरी राज्ये दोन होती, पण महागुरू एकच.

म्हणून त्या माउलीस मी म्हटले, "बाई, मुलाला येथील शाळेत तेलुगू उत्तम शिकू दे, ती त्याच्या भाकरीची व शेजाऱ्याची भाषा आहे. परंतु सायंकाळची माळ घरात मराठीतच म्हणा, आणि ती मुलाला सांगावयास लावा. शाळा जे देत नाही, ते आईने द्यावे." तिला ते कितपत पटले, ठाऊक नाही; मात्र या वर्षी मुलाचे नाव गावच्याच शाळेत दाखल झाले आहे.

कुटुंबप्रमुखांनो, एक विनंती करतो. येत्या रविवारी मिस्सेनंतर घरातील वृद्धांभोवती मुलांना बसवा. आपले घराणे येथे कोठून आले, गावाच्या नदीचे नाव काय, डोंगरापलीकडे कोणाची वस्ती आहे, हे त्यांना विचारू द्या आणि एका वहीत लिहून ठेवू द्या. म्हातारी माणसे गेली की या गोष्टी कोणत्याही कचेरीत मिळणार नाहीत. परमेश्वर आपल्या नद्यांना पाणी देवो, कापसाला भाव देवो, आणि सीमेच्या दोन्ही तीरांवरील आपल्या कुटुंबांस एका प्रार्थनेत बांधून ठेवो.