काचेवरची नोंद

आमच्या आजीचे जन्मसाल घरात कोणालाच ठाऊक नाही. लिहून ठेवणारेच कोणी नव्हते. म्हणूनच हंस तारकासमूहातल्या एका ताऱ्याची हकिगत आमच्या मनाला विशेष भिडली.

खरे तर तो एकटा तारा नाही, जोडी आहे. एक सूर्याहून हलका तारा आणि सूर्याच्या सुमारे नऊपट वस्तुमानाचे कृष्णविवर. साडेसहा दिवसांत दोघांची एक फेरी होते. अशा जोडीला क्ष-किरण द्वैती म्हणतात. हिचे नाव व्ही ४०४ सिग्नी, अंतर सुमारे ७,८०० प्रकाशवर्षे. कृष्णविवर ताऱ्याचा वायू ओढते, पण तो लगेच पोटात जात नाही. भोवती तबकडीसारखा वर्षानुवर्षे साचतो. साठा पुरेसा तापला की तो भराभर आत ओढला जातो आणि भडका उडतो. त्यातले क्ष-किरण पृथ्वीच्या हवेत अडतात. ते पाहायला उपग्रहच लागतो.

१९३८ साली उपग्रह कुठले? तेव्हा हा भडका दुर्बिणीतून दिसला आणि 'नवतारा' म्हणून नोंदला गेला. पुढे मे १९८९ मध्ये जपानच्या 'गिंगा' उपग्रहाला त्याच जागी क्ष-किरण सापडले. मग जर्मनीतल्या झोनेबर्ग वेधशाळेच्या जुन्या छायाचित्रांच्या काचा तपासल्या गेल्या, आणि काय आश्चर्य, १९५६ सालीही तारा भडकलेला! तेव्हा कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. रात्रपाळी करून कोणीतरी काच लावली, धुतली, तारीख घालून कपाटात ठेवली. तिचे मोल कळायला तेहेतीस वर्षे लागली. गिरणीत रात्रपाळी केलेल्या माणसांच्या घरात वाढलेल्या आम्हांला त्या अनामिक माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.

१५ जून २०१५ रोजी तारा पुन्हा जागा झाला. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २८ सप्टेंबरला, श्रीहरिकोटाहून भारताचा 'ॲस्ट्रोसॅट' उडाला. त्यावरची काही उपकरणे आपल्या मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली, हे मुलांना अवश्य सांगावे.

आमच्या धाकटीने वहीत हिशेब मांडला: मधले अंतर १८ वर्षे, मग ३३, मग २६. "पुढचा कधी?" तिने विचारले. नेम नाही, असे आम्ही सांगितले. चार सालांखाली तिने एक ओळ कोरी सोडली आहे, आणि वही जपून ठेवा म्हणून आम्हांला बजावले आहे.