गाव कोणी सोडले?

‘गाव ओस पडले’ असे मराठीत म्हटले की ते रिकामे झाल्याचे कळते. कशामुळे झाले, हे कळत नाही. इंग्रजीत रितेपणाचे शब्द अनेक आहेत आणि त्यांतील काही कारणही सुचवितात. ‘व्हेकन्ट’ म्हणजे केवळ मोकळी जागा; ‘डेझर्टेड’ म्हणजे माणसे निघून गेलेली; ‘अबँडन्ड’ म्हणजे माणसांनी टाकून दिलेली. म्हणूनच योग्य शब्दाची निवड हा एक प्रकारचा न्यायनिवाडाच ठरतो.

ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. त्याला ‘अबँडन्ड’ म्हटले, तर ग्रामस्थांनीच गाव टाकले असा अर्थ होतो. वस्तुतः त्यांना घरेदारे सोडावी लागली आणि साठलेले पाणी कुकडी प्रकल्पाच्या कालव्यांतून दूरच्या शिवारांना मिळाले. मात्र जुन्या फ्रेंच भाषेतील ज्या शब्दप्रयोगातून हा शब्द आला, त्याचा अर्थ ‘दुसऱ्याच्या ताब्यात देणे’ असा होता. त्या विस्मृत अर्थानेच तो आंबेगावला लागू पडतो.

याच तालुक्यातील माळीण येथे ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला. नेहमीप्रमाणे आलेल्या एस.टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, तेव्हा बाहेर वार्ता पोहोचली. सुमारे दीडशे माणसे गेली. येथे कोणीही गाव सोडले नव्हते. मागे राहिलेल्यांसाठी इंग्रजीत ‘बिरेव्ह्ड’ हा शब्द आहे. त्याच्या मुळाशी लुटले जाण्याचा अर्थ आहे. आपल्याकडील ‘हिरावले’ त्याच्या अगदी जवळचा.

जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात भातकापणीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी नारायणगाव परिसरात उतरतात. मागे वृद्ध राहतात. कुलूपबंद घरे पाहून परका मनुष्य अशा वाडीला ‘डेझर्टेड’ म्हणेल. परंतु तेथे ‘लोन्ली’ असलेले कोणीतरी वाट पाहत असते.

मराठीतील ‘बेचिराख’ हा मूळचा फारसी ‘बेचिराग’. म्हणजे जेथे दिवा लागत नाही असे गाव. जोवर एखादी आजी उंबऱ्याशी सांजवात लावते, तोवर ती वाडी बेचिराख नव्हे. ओस पडण्यापूर्वी तिची विचारपूस करणे अद्याप शक्य आहे.